ओली गाडी कशी वाळते? – आर्द्रता, दवबिंदू आणि बाष्पीभवनाचा एक पावसाळी पाठ



दहावीच्या विज्ञानात 'उष्णता' हे प्रकरण आहे. त्यात अप्रकट उष्मा, दवबिंदू तापमान, निरपेक्ष आर्द्रता, सापेक्ष आर्द्रता हे सगळं येतं. मुलं व्याख्या पाठ करतात, सूत्रात आकडे घालून उदाहरणही सोडवतात. पण "मग पावसाळ्यात कपडे दोन-दोन दिवस का वाळत नाहीत?" असं विचारलं की "ऊन नसतं म्हणून" एवढंच उत्तर येतं. ऊन नसतं हे खरंच. पण उन्हाळ्यात रात्री वाळत घातलेले कपडे सकाळपर्यंत खडखडीत होतात, तेव्हा कुठे ऊन असतं?

हा गोंधळ सोडवायला एक चांगलं उदाहरण म्हणजे पावसात आतून भिजलेली चारचाकी. काच थोडी उघडी राहिली, दाराचं रबर फाटलं, सनरूफची नळी तुंबली आणि रात्रभर पाणी आत गेलं, हे जून ते सप्टेंबर कुणाच्या ना कुणाच्या घरी घडतंच. गाडी म्हणजे बंद डबा. त्यात हवा किती, पाणी किती, हे मोजता येतं. म्हणून कपड्यांच्या दोरीपेक्षा गाडीचं गणित मुलांना नेमकं करता येतं. शिवाय घरात ते उपयोगी पडतं. गाडी नसलेल्या मुलांसाठी शाळेची व्हॅन, रिक्षा, नाहीतर ओली गादी असलेली बंद खोली घ्या. तत्त्व तेच आहे.

पाठाची उद्दिष्टे

१. सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवेत 'अजून किती जागा शिल्लक आहे' हे सांगणारी संख्या, हे मुलांना आकड्यांतून समजणे.
२. तापमान, वारा आणि आर्द्रता या तिघांचा बाष्पीभवनावर होणारा परिणाम वेगवेगळा करून पाहणे.
३. 'कोरडं दिसणं' आणि 'कोरडं असणं' यातला फरक मोजून ठरवणे.
४. बुरशी, वीज, विषारी वायू यांबाबतची खबरदारी समजणे.

इयत्ता आठवी ते दहावी. वेळ दोन तासिका आणि घरची तीन दिवसांची नोंद.

भाग १ : हवेत पाण्याला जागा किती?

फळ्यावर आधी हा तक्ता लिहा. एक घनमीटर हवा त्या त्या तापमानाला जास्तीत जास्त किती पाण्याची वाफ सामावू शकते, याचे हे आकडे आहेत.

१०° से. – ९.४ ग्रॅम
२०° से. – १७.३ ग्रॅम
२४° से. – २१.८ ग्रॅम
२८° से. – २७.२ ग्रॅम
३०° से. – ३०.४ ग्रॅम
४०° से. – ५१ ग्रॅम
५०° से. – ८३ ग्रॅम

मुलांना विचारा, तक्त्यात काय दिसतं? तापमान १० वरून २० झालं की जागा जवळजवळ दुप्पट होते. २० वरून ३० ला पुन्हा पावणेदोन पट. म्हणजे वाढ सरळ रेषेत नाही. आलेख काढायला लावा, वर वळत जाणारी रेषा मुलं स्वतः बघतील.

आता गाडी घ्या. छोट्या गाडीच्या आत साधारण ३ घनमीटर हवा असते असं धरू. जुलै महिना आहे, कोकणातलं गाव आहे, तापमान २८° से. आणि सापेक्ष आर्द्रता ९० टक्के. गाडीच्या गालिच्यात दोन लीटर पाणी मुरलंय. सगळ्या काचा बंद आहेत. गाडीतली हवा यातलं किती पाणी उचलेल?

एक घनमीटर हवेची क्षमता २७.२ ग्रॅम. त्यातली ९० टक्के जागा, म्हणजे सुमारे २४.५ ग्रॅम, आधीच भरलेली. उरली २.७ ग्रॅम. गाडीत ३ घनमीटर हवा, म्हणून उरलेली एकूण जागा सुमारे ८ ग्रॅम.

आठ ग्रॅम म्हणजे दीड चमचा पाणी! आणि गालिच्यात आहे २,००० ग्रॅम.

इथे मुलांना जरा थांबू द्या. "बंद गाडीत पाणी आपोआप वाळेल" ही समजूत या एका भागाकारात संपते. ही हवा सुमारे २५० वेळा बदलली तरच ते पाणी बाहेर जाईल, तेही प्रत्येक वेळी हवा पूर्ण संपृक्त होऊन बाहेर पडली असं धरलं तर. बंद गाडीत ती एकदाही बदलत नाही. हवा संपृक्त होते आणि बाष्पीभवन तिथेच थांबल्यासारखं होतं. खरं तर पाण्याचे रेणू वर जातच असतात, पण तेवढेच परतही येत असतात. आपल्याला ते थांबल्यासारखं दिसतं.

भाग २ : ऊन चांगलं, पण काच उघडी हवी

पावसाने उघडीप दिली, कडक ऊन पडलं. बंद गाडी उन्हात ठेवली आणि आतली हवा ५०° से. झाली. आता क्षमता ८३ ग्रॅम प्रति घनमीटर, म्हणजे गाडीसाठी सुमारे २४९ ग्रॅम. त्यात आधीचे ७३-७४ ग्रॅम वजा केले तर सुमारे १७५ ग्रॅम नवी जागा तयार झाली. आठवरून एकदम १७५! मुलं लगेच म्हणतात, "सर, मग झालं की काम."

इथे पुढचा प्रश्न विचारा. संध्याकाळी काय होईल?

काचा बंदच राहिल्या आणि रात्री गाडी २५° से. पर्यंत थंड झाली, तर त्या तापमानाला क्षमता जेमतेम ६९ ग्रॅम. मग उरलेलं सुमारे १८० ग्रॅम पाणी जाणार कुठे? ते काचेवर, छताच्या कापडात, सीटबेल्टच्या पट्ट्यात, डॅशबोर्डच्या आतल्या भागात परत पाणी होऊन बसतं. दिवसभर तापवून आपण पाणी बाहेर काढलं नाही, नुसतं खालून उचलून वर ठेवलं. काही घरांत दोन दिवस गाडी उन्हात ठेवूनही वास जात नाही, उलट आधी कोरडं असलेलं छत दमट लागतं, त्याचं कारण हे.

म्हणून नियम असा सांगावा: ऊन पाण्याला हवेत चढवतं, वारा त्याला गाडीबाहेर नेतो. दोन्ही लागतात. उन्हात गाडी असेल तर चारही दारं आणि डिकी उघडा. ते शक्य नसेल तर तासभर बंद ठेवून तापू द्या, मग दारं उघडून दहा मिनिटं गरम दमट हवा जाऊ द्या, पुन्हा बंद करा. असं चार-पाच वेळा करावं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे संध्याकाळ व्हायच्या आत, हवा गरम असतानाच दारं उघडून ती बाहेर घालवायची.

इथेच एक सूचना वर्गात मोठ्याने सांगा. उन्हातल्या बंद गाडीत आपण आत्ताच ५०° से. चं गणित केलं. अशा गाडीत लहान भावंडाला, आजी-आजोबांना किंवा कुत्र्याला 'पाचच मिनिटं' म्हणूनही ठेवायचं नाही. खेळता खेळता लहान मूल आत जाऊन अडकू नये म्हणून वाळवायला ठेवलेल्या गाडीजवळ मोठं माणूस हवं.

भाग ३ : पाऊस चालूच असेल तर?

कोकणात, घाटमाथ्यावर, मुंबईत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. मग काय करायचं? इथे दवबिंदू कामाला येतो.

गाडीचा ए.सी. हवा फक्त थंड करत नाही, कोरडीही करतो. हवा आतल्या थंडगार जाळीवरून जाते. तिचं तापमान दवबिंदूच्या खाली येतं, वाफेचं पाणी होतं आणि ते नळीतून गाडीखाली ठिबकतं. उभ्या गाडीखाली दिसणारं ते पाण्याचं थारोळं मुलांनी पाहिलेलं असतंच. ते पाणी कुठून आलं, हे आज कळतं.

हवा १०° से. पर्यंत थंड झाली तर तिच्यात जास्तीत जास्त ९.४ ग्रॅम वाफ उरते. हीच हवा गाडीत येऊन पुन्हा २८° से. झाली की तिची सापेक्ष आर्द्रता किती?

९.४ ÷ २७.२ × १०० = सुमारे ३५ टक्के.

बाहेर धो-धो पाऊस आणि ९० टक्के आर्द्रता, आणि गाडीत ३५ टक्क्यांची हवा! प्रत्येक घनमीटरमागे आता २.७ नाही, १७.८ ग्रॅम जागा आहे. म्हणजे साडेसहा पट.

ज्या गाड्यांना हीटर आहे तिथे ए.सी. चालू ठेवूनच तापमानाचं बटण गरम बाजूला फिरवता येतं. मग हवा आधी थंड होऊन पाणी टाकते आणि नंतर गरम होऊन भुकेली होते. वारा पायाकडे सोडा, कारण पाणी तिथेच आहे. बाहेर पाऊस असेल तर काचा बंद ठेवा आणि आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा, म्हणजे तीच हवा पुन्हा पुन्हा जाळीवरून जाऊन कोरडी होत राहते. मधून मधून थोडी बाहेरची हवा घ्या.

मात्र इंजिन चालू ठेवून हे करायचं तर गाडी उघड्यावर हवी. बंद गॅरेजमध्ये किंवा पार्किंगच्या तळघरात इंजिन चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. 'रसायन' आणि 'रक्त' अशी दोन प्रकरणं इथे जोडून घेता येतात.

ए.सी. नसेल तर दारं उघडी टाकून पत्र्याच्या शेडखाली टेबलफॅन लावला तरी फायदा होतो. ९० टक्क्यांच्या हवेतही प्रत्येक घनमीटरमागे २.७ ग्रॅम जागा आहेच. ती थोडी आहे, म्हणून हवा भरपूर फिरवायची. ओल्या जमिनीवर एक्स्टेन्शन बोर्ड ठेवू नये, ओल्या हाताने प्लग लावू नये, हे मुलांकडून वदवून घ्या.

भाग ४ : आधी पिळा, मग वाळवा

आता अप्रकट उष्मा. पाठ्यपुस्तकातलाच आकडा घ्या: एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला ५४० कॅलरी. दोन लीटरसाठी १०,८०,००० कॅलरी. जूलमध्ये सुमारे ४५ लाख. विजेच्या भाषेत सव्वा युनिट. तेही सगळी उष्णता फक्त पाण्यालाच मिळाली तर, आणि तसं कधीच होत नाही. खोलीच्या तापमानाला हा आकडा आणखी थोडा वाढतो.

हेच पाणी टॉवेलने टिपून बादलीत पिळलं तर? मनगटाची थोडी मेहनत. द्रवरूपात काढलेल्या पाण्याला अप्रकट उष्मा द्यावा लागत नाही. वॉशिंग मशीन कपडे आधी गरगर फिरवून पाणी झटकतं आणि आई साडी पिळूनच दोरीवर टाकते, त्यामागचं कारण हेच. म्हणून क्रम असा:

पहिलं, पायपुसण्या आणि रबरी मॅट काढून बाहेर टांगा. दुसरं, जाड सुती टॉवेल किंवा जुनी चादर गालिच्यावर टाकून वर पायाने दाबा, पिळा, पुन्हा दाबा. पाणी ओढणारा व्हॅक्यूम मिळाला तर उत्तम, पण साधा घरगुती व्हॅक्यूम ओल्यावर चालवू नका. त्याच्या मोटरमध्ये पाणी जातं. तिसरं, वर्तमानपत्रांचे जाड थर दाबून ठेवा आणि दर तासाला बदला. टॉवेलला पाणी लागेनासं झालं की मगच वारा, ऊन, ए.सी.

भाग ५ : वरून कोरडं, खाली ओलं

या पाठातला सर्वात महत्त्वाचा भाग हाच. गाडीचा गालिचा एकपदरी नसतो. त्याच्या खाली फोमचा किंवा दाबलेल्या धाग्यांचा जाड थर असतो, आवाज कमी करण्यासाठी बसवलेला. पाणी आधी त्या थरात जाऊन साठतं. वरचा भाग वाऱ्याने वाळतो, हाताला कोरडा लागतो. खालचा थर मात्र केशाकर्षणाने पाणी धरून बसतो आणि हळूहळू वर सोडतो. दोन दिवसांनी गालिचा 'पुन्हा ओला' होतो, तेव्हा नवं पाणी आलेलं नसतं, जुनंच वर आलेलं असतं.

म्हणजे सुरुवातीला अडचण हवेची होती, तिच्यात जागा नव्हती. कोरडी हवा दिल्यावर अडचण गालिच्याकडे गेली. आता पाणी पृष्ठभागापर्यंत पोचायलाच वेळ लागतो. पंखा दुप्पट जोरात लावून फारसा फरक पडत नाही. गालिच्याची कड उचलून खाली हवा खेळती केली तर मात्र पडतो. दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी बहुधा खटक्याची असते, ती काढली की कड उचलता येते. खाली लाकडी ठोकळा किंवा उपडी वाटी ठेवून कड वर राहू द्यावी.

एक धोक्याची सूचना. सीटखाली बऱ्याच गाड्यांत पिवळ्या रंगाचे जोड असतात, ते एअरबॅगच्या यंत्रणेचे. ते घरी काढू नयेत. सीट काढायचीच वेळ आली तर गॅरेजवाल्याकडून काढून घ्या. विजेवर चालणाऱ्या किंवा हायब्रिड गाडीतल्या नारिंगी वायरींना तर हातच लावायचा नाही.

हा भाग वर्गात शिकवताना आमच्याकडे एक खरा प्रश्न समोर आला. मुलांना ने-आण करणाऱ्या एका व्हॅनमध्ये कुबट वास येत होता. व्हॅनवाले काका रोज फरशी पुसत होते, सुगंधी डबीही लावली होती. व्हॅनमधल्या एका मुलीला दम्याचा त्रास. ती व्हॅनमध्ये बसली की खोकते, म्हणून तिच्या आईने व्हॅन बंद करायचं ठरवलं होतं, आणि आणखी दोन पालक त्याच विचारात होते. काकांचं म्हणणं, "मॅडम, हात लावून बघा, कोरडी आहे की नाही." आणि हात लावला तर मॅट खरंच कोरडी होती. दोघंही खरं बोलत होते.

दहावीच्या मुलांनी सुचवलं की हात नको, वजन करू. वर्तमानपत्राचे दोन सारखे गठ्ठे स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले. एक मॅटच्या वर ठेवला, एक मॅट उचलून तिच्या खाली. वर एकेक वीट. तासाभराने पुन्हा तोलले. वरच्याचं वजन जवळपास तेच, खालचा गठ्ठा चांगलाच जड झालेला. काका बघतच राहिले. मॅट पूर्ण काढली तेव्हा खालचा फोम काळपट पडलेला होता. तो भाग कापून टाकला, फरशी घासून वाळवली. मुलं रोज गठ्ठा ठेवून वजन लिहीत होती. ते रोज कमी होत गेलं आणि चौथ्या दिवशी फरक दिसेनासा झाला. पाणी येत होतं सरकत्या दारातून. दाराच्या तळाशी पाणी जायला जी भोकं असतात, ती चिखलाने बुजली होती.

ती नोंदवही काकांनी पालकांना दाखवली. मुलगी व्हॅनमध्येच राहिली. तिचा खोकला त्या ओलीमुळेच होता असा निष्कर्ष आम्ही काढला नाही आणि मुलांनाही काढू दिला नाही. ते डॉक्टरांचं काम. पण ओल खरी होती, ती मोजता आली आणि ती गेली हेही मोजता आलं. एका माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही, हा वाद त्यामुळे मिटला. आकडेवारी कशासाठी शिकायची, याला मला याहून चांगलं उत्तर सापडलेलं नाही.

भाग ६ : घाई का करायची? बुरशीचं घड्याळ

बुरशीचे बीजाणू हवेत, धुळीत, गालिच्यात आधीपासूनच असतात. त्यांना फक्त ओलावा, ऊब आणि थोडं अन्न हवं. सांडलेला खाऊ, कापसाचे धागे, धूळ एवढं त्यांना पुरतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा सल्ला असा आहे की भिजलेल्या वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवाव्यात, म्हणजे बुरशी बहुतेक वेळा धरत नाही, आणि घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवावी. आपल्या पाठ्यपुस्तकातही ६० टक्क्यांच्या वर हवा दमट, खाली कोरडी, असंच सांगितलंय. म्हणून पहिला दिवस महत्त्वाचा. 'रविवारी बघू' म्हणून गाडी तशीच ठेवू नये.

बुरशी थोडी दिसत असेल तर मास्क आणि हातमोजे घालून, दारं उघडी ठेवून, साबणाच्या पाण्याने पुसावी आणि जागा पुन्हा पूर्ण वाळवावी. फोममध्ये आत शिरली असेल तर तो भाग बदलणंच बरं. दमा, ॲलर्जी असलेल्यांनी हे काम करू नये. आणि रसायनशास्त्रातला एक धडा: ब्लीच आणि व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, बंद गाडीत तर तो जीवघेणा.

सुगंधी डब्या, कापूर, धूप यांनी वास झाकला जातो, पाणी जात नाही. उलट वास ही सूचना असते, ती झाकली की शोध थांबतो.

घरगुती उपायांची परीक्षा

"वाटीभर मीठ ठेवा", "तांदूळ ठेवा" असे सल्ले सगळीकडे फिरतात. मुलांना ते तपासायला सांगा.

मीठ: पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, हे प्रत्येक घराला माहीत आहे. सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. म्हणजे मीठ हे स्वयंपाकघरातलं फुकटचं आर्द्रतामापक आहे! पण त्याचाच दुसरा अर्थ, ७५ टक्क्यांच्या खाली ते हवा कोरडी करू शकत नाही. आपल्याला हवेत ६० च्या खाली. शिवाय मिठाचं पाणी सांडलं तर पत्रा गंजतो.

तांदूळ: थोडा ओलावा घेतो. दोन लीटरपुढे त्याचं काही चालत नाही.

सिलिका जेल: दमट हवेत आपल्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकं पाणी धरतं. दोन लीटरसाठी सहा किलो लागेल. म्हणून ते मुख्य वाळवणीला नाही, वाळल्यानंतर उरलेल्या दमटपणाला ठीक. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

प्रत्येक उपाय चांगला की वाईट, असं विचारू नका. 'किती पाणी ओढतो?' असं विचारा.

भाग ७ : पाणी आलं कुठून?

वाळवून झालं आणि भोक तसंच राहिलं, तर पुढच्या पावसात पुन्हा तेच. शोधायला हा तक्ता उपयोगी पडतो.

डाव्या सीटपुढे पायाशी पाणी, पाऊस नसतानाही, ए.सी. लावल्यावर : ए.सी.ची पाणी सोडणारी नळी तुंबली असण्याची शक्यता.
पाऊस पडला की पुढच्या भागात पाणी : पुढच्या काचेखाली, वायपरजवळच्या जाळीत पानं अडकली असावीत. झाडाखाली लावलेल्या गाड्यांत हे फार.
छताचं कापड ओलं : सनरूफच्या कोपऱ्यातल्या नळ्या.
दाराशेजारी ओल : दाराचं रबर किंवा दाराच्या तळाची भोकं.
डिकीत, स्टेपनीच्या खळग्यात पाणी : मागच्या दिव्यांची किंवा डिकीची रबरं.
रंगीत, बुळबुळीत, गोडसर वासाचं पाणी : हे पावसाचं नाही, इंजिन थंड ठेवणारं द्रव आहे. गाडी थेट गॅरेजला. ते विषारी असतं, मुलांना आणि जनावरांना दूर ठेवा.

तपासणीची पद्धत: एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने हळू पाणी सोडायचं. सुरुवात खालून, मग वर वर. आधीच वरून पाणी सोडलं तर ते सगळीकडे ओघळतं आणि भोक कुठलं ते कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही प्रयोगाची शिस्त इथे आपोआप शिकवली जाते.

पुराचं पाणी असेल तर हा पाठ थांबवा

आतापर्यंतचं सगळं स्वच्छ पावसाच्या पाण्याबद्दल होतं. रस्त्यावर साचलेलं किंवा पुराचं पाणी गाडीत शिरलं असेल तर गोष्ट वेगळी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा हजारो गाड्या बुडाल्या आणि नंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. अशा पाण्यात सांडपाणी आणि उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं. गाडीला हात लावताना गमबूट, हातमोजे हवेत, जखम झाकलेली हवी.

अशी गाडी सुरू करून बघू नका, चावीही फिरवू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर दट्ट्या ते दाबू शकत नाही, कारण द्रव जवळजवळ असंपीड्य असतो, आणि आतले भाग वाकतात. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, गाडी ओढून न्या. फक्त तृतीय पक्ष विमा असेल तर पुराची भरपाई मिळत नाही. पालकांनी पॉलिसी पावसाळ्याआधीच काढून वाचावी.

वर्गातल्या कृती

कृती १ : स्पंजचे तीन सारखे तुकडे घ्या. प्रत्येकात ५० ग्रॅम पाणी मुरवा. एक उघड्या ताटलीत पंख्याखाली, एक उघड्या ताटलीत पंख्याविना, एक झाकणाच्या पारदर्शक बरणीत. दर तासाला वजन लिहा, आलेख काढा. बरणीच्या आतल्या बाजूला काय दिसतं तेही लिहा.

कृती २ : चकचकीत स्टीलच्या पेल्यात अर्धं पाणी घ्या, थोडा थोडा बर्फ टाकत ढवळा. बाहेरच्या बाजूवर पहिलं धुकं ज्या तापमानाला दिसेल, ते दवबिंदू तापमान. समजा हवा २८° आणि दवबिंदू २४°, तर सापेक्ष आर्द्रता = २१.८ ÷ २७.२ × १०० = सुमारे ८० टक्के. हे पाऊस पडताना आणि उघडीप असताना दोनदा करा.

कृती ३ : ट्रेमध्ये फोमचा तुकडा, वर जाड सतरंजी. २०० मिली पाणी ओता. दुसऱ्या दिवशी सतरंजीला हात लावा, मग वर्तमानपत्राची वजन-चाचणी वर आणि खाली दोन्हीकडे करा.

स्वाध्याय

१. उन्हाळ्यातल्या रात्री कपडे वाळतात, पावसाळ्यातल्या दुपारी वाळत नाहीत. 'जागा शिल्लक' ही कल्पना वापरून कारण लिहा.
२. तापमान ३०° से., आर्द्रता ५० टक्के. ३ घनमीटरच्या बंद गाडीतली हवा आणखी किती पाणी घेईल? (उत्तर : सुमारे ४५.६ ग्रॅम)
३. बंद गाडीत चार माणसं बसली की पावसात काच आतून का धुरकट होते? ए.सी. लावल्यावर लगेच का साफ होते?
४. घरातल्या मिठाच्या बरणीची आठवडाभर रोज नोंद ठेवा. कोणत्या दिवशी आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर होती असं म्हणता येईल? कशावरून?
५. घरातली 'वाळली' म्हणून ठेवून दिलेली एक वस्तू निवडा: दप्तर, बूट, उशी, रेनकोटची पिशवी. वर्तमानपत्राने वजन-चाचणी करा आणि ती खरंच वाळली आहे का, ते आकड्यासह लिहा.

पाचवा प्रश्न पालकांनी मुलांबरोबर करावा. दप्तराच्या तळापासून सुरुवात केलीत तर बहुधा काहीतरी सापडेलच.